‘गैरहजर’ या एका शब्दाची किंमत : आमदार, तालुका वार्ताहर आणि बंद झालेले दार

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या आठ पानी दैनिकाचा मी संपादक. हे प्रकरण आमच्याच घरातले आहे. माणसे, गावे, पक्ष यांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. बाकी जे घडले ते आमच्या चुकीसकट मांडतो आहे, कारण चूक वगळली तर या प्रकरणात शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

आमच्या तालुका वार्ताहराचे बसस्थानकासमोर झेरॉक्सचे दुकान आहे. मराठवाड्यातले बहुतेक तालुका वार्ताहर असेच जगतात. मानधन नावापुरते, आणि खरा आधार जाहिरातींच्या कमिशनचा. त्या जाहिराती मुख्यतः २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि सर्वांत मोठी म्हणजे आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचे, त्याच्याच कार्यकर्त्यांकडे जाहिरातीसाठी जायचे. ही व्यवस्था आम्ही संपादक मंडळींनीच उभी केली आहे आणि तिच्याबद्दल आम्ही फारसे बोलत नाही.

आमदार वाईट माणूस नव्हते. फोन उचलणारे, नावाने हाक मारणारे. वार्ताहराच्या मुलीच्या बारशाला येऊन गेलेले. तालुका त्यांना ‘भाऊ’ म्हणतो, आम्हीही तेच म्हणायचो. पत्रकारांसाठी त्यांच्या कार्यालयाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. रोज संध्याकाळी त्यावर फोटोसह बातमी तयार येई, मजकूर टाइप केलेला, मथळासुद्धा सुचवलेला. हे प्रकरण झाल्यावर एका रात्री मी आमच्या वर्षभराच्या फायली चाळल्या. भाऊंच्या बातम्या जवळजवळ रोज होत्या. भाऊंना विचारलेला एकही प्रश्न नव्हता.

अडचण कशी उभी राहिली

त्या खरिपात ऑगस्ट कोरडा गेला. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ दिली. पीकविमा योजनेत तेव्हा अशा वेळी हंगामातील प्रतिकूल परिस्थिती म्हणून संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ देण्याची तरतूद होती. अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेल्या उत्पादनाच्या, निम्म्याहूनही खाली जाणार असे पाहणीत दिसले, तर जिल्हाधिकारी अधिसूचना काढत. आमच्याकडे त्याला नुसते ‘अग्रिम’ म्हणतात. दिवाळीच्या आधी पारावर, एसटीत, कृषी केंद्रावर एकच प्रश्न होता, “अग्रिम पडला का?” तालुक्यातल्या बऱ्याच महसूल मंडळांत, म्हणजे काही गावे मिळून केलेल्या महसुली गटांत, तो पडला. तीन मंडळे राहून गेली.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झाले. एके दिवशी संध्याकाळी ग्रुपवर प्रसिद्धिपत्रक आले. वंचित मंडळांचा प्रश्न भाऊंनी सभागृहात लावून धरला, सरकारला धारेवर धरले, शेतकऱ्यांना दिलासा मिळणार, असा मजकूर. सोबत भाऊ हात उंचावून बोलत असल्याचा फोटो.

वार्ताहराला खटकला तो फोटो. त्यात मागे दिसत होते ते मुंबईच्या विधानसभेचे सभागृह, आणि अधिवेशन तर नागपूरला चालू होते. त्याने दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि विधानसभेच्या कामकाजाचे त्या दिवशीचे चित्रीकरण मोबाइलवर लावले. प्रश्नोत्तराचा तास त्याने दोनदा पाहिला. अग्रिमाचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, पुकारला गेला होता. प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे होती, त्यांत भाऊंचेही होते. दोन वेगळ्या सदस्यांनी उपप्रश्न विचारले. तपासून कार्यवाही करू, असे मंत्र्यांनी सांगितले आणि पुढचा प्रश्न आला. भाऊ कुठेच बोलले नव्हते.

रात्री पावणेदहाला वार्ताहराने भाऊंना एक फोन केला. उचलला गेला नाही. त्याने बातमी पाठवली. बातमी चोख होती. कोण बोलले, मंत्री काय म्हणाले, पत्रकात काय लिहिले आहे, सगळे एकाखाली एक. शेवटी ‘आमदारांशी संपर्क होऊ शकला नाही’ ही आमची नेहमीची ओळ. उपसंपादकाने पहिल्या पानावर तीन कॉलमांत ती लावली आणि मथळा दिला, ‘प्रश्न पुकारला, आमदार गैरहजर’. पान सुटण्याच्या घाईत मी तो मथळा पाहिला आणि मान डोलावली.

तिथेच आमचा पाय घसरला. चित्रीकरणातून एवढेच सिद्ध होत होते की आमदार बोलले नाहीत. कॅमेरा प्रत्येक बाकावर फिरत नाही. ते सभागृहात नव्हते, हे आम्हाला माहीत नव्हते.

दार बंद होते तेव्हा

सकाळी दहाच्या आत वार्ताहराला ग्रुपमधून काढले. दुपारी स्वीय सहायकाचा फोन आला. त्यांनी हजेरीवहीतल्या भाऊंच्या सहीचा फोटो पाठवला आणि जाहीर माफी मागितली. भाऊ त्या वेळी विधानभवनातच, एका मंत्र्यांच्या दालनात याच कामासाठी बसले होते, असे त्यांचे म्हणणे. कार्यकर्त्यांच्या पोस्टमध्ये हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग केल्याच्या तक्रारीची, भाषा सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात भाऊंची शासकीय विश्रामगृहात पत्रकार परिषद होती. वार्ताहर गेला. फाटकावरच त्याला अडवले. “तुमचं नाव यादीत नाही.” त्याने यादी कुणी केली असे विचारले आणि मोबाइल वर धरला. एका तरुण कार्यकर्त्याने तो हिसकावला, तो खाली पडला, काच तडकली. बाकीचे पत्रकार आत गेले. एक जण जाता जाता थांबला, वार्ताहराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तोही आत गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याच्याही घरी चूल आहे.

याहून गंभीर गोष्ट त्यानंतर घडली. तहसील कार्यालयात टंचाई आढावा बैठक होती. इतर वार्ताहर मागच्या खुर्च्यांवर बसले होते. आमच्या वार्ताहराला मात्र बाहेर थांबायला सांगण्यात आले, आणि या वेळी सांगणारा कार्यकर्ता नव्हता, सरकारी कर्मचारी होता. “वरून निरोप आहे,” एवढेच तो म्हणाला.

महिनाभरात वाढदिवसाची पुरवणी गेली. दरवर्षीची पाच पाने त्या वर्षी दुसऱ्या दैनिकात छापून आली. वार्ताहराचे वर्षाचे निम्म्याहून जास्त कमिशन त्या पाच पानांत होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सहकाऱ्यांनी आणला. पत्रकार संघाची बैठक झाली आणि भाऊंच्या बातम्यांवर सगळ्यांनी बहिष्कार घालावा, असे ठरू लागले. भावना खरी होती. पण मला ते पटले नाही. या मतदारसंघात तीन लाखांहून जास्त मतदार आहेत आणि आमदार काय करतो, काय करत नाही, हे कळण्याचा हक्क त्यांचा आहे. आमचा अपमान झाला म्हणून त्यांची बातमी बंद करायची, तर भाऊंनी आमच्याशी केले तेच आम्ही वाचकांशी करणार. शिवाय असा बहिष्कार किती दिवस टिकतो, हे मी पाहिलेले आहे. दिवाळीच्या जाहिरातींपर्यंत.

दुसरा पर्याय चहाचा. एका ज्येष्ठ पुढाऱ्याने मध्यस्थीची तयारी दाखवली. भाऊंच्या बंगल्यावर जायचे, चहा घ्यायचा, दोन्हीकडून दोन शब्द बोलायचे, दुसऱ्या दिवशी हसरा फोटो छापायचा. मराठवाड्यात निम्मी भांडणे अशीच मिटतात आणि त्यात वाईट काही नाही. पण या चहाची किंमत काय, असे मी विचारले तेव्हा उत्तर आले, “असल्या बातम्या परत नको, एवढंच.”

तिसरा पर्याय कायद्याचा. जिल्हा न्यायालयातल्या आमच्या एका वकील मित्राकडे एक संध्याकाळ घालवली. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक तालुका वार्ताहराला माहीत असावे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लोकप्रतिनिधीच्या पत्रकार परिषदेला बसू द्या, असा हक्क कोणताही कायदा पत्रकाराला देत नाही. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य राज्यघटनेत वेगळे लिहिलेले नाही. ते अनुच्छेद १९(१)(अ) मधल्या प्रत्येक नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच सामावलेले आहे. तेव्हा विश्रामगृहातल्या खाजगी परिषदेबद्दल फार काही करता येणार नव्हते. तहसील कार्यालयाची गोष्ट निराळी. पत्रकारांना मुळीच आत घ्यायचे नाही, असे अधिकारी ठरवू शकतो. पण सगळ्यांना घेऊन एकालाच वगळायचे, तेही कारण न देता, हा अनुच्छेद १४ मधल्या समानतेचा प्रश्न होतो. अधिकाऱ्याची मर्जी आणि आमदाराची मर्जी कायद्याच्या डोळ्यांना सारखी नसते.

मग विधिमंडळाचे कामकाज. सभागृहातल्या भाषणासाठी लोकप्रतिनिधीला संरक्षण असते, पण ते भाषण छापणाऱ्याचे काय, हा जुना प्रश्न आहे. १९५६ मध्ये खासदार फिरोज गांधींच्या पुढाकाराने संसदेच्या कामकाजाचे खरे वृत्त छापणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ आले. त्यामुळे राज्य विधिमंडळांच्या कामकाजाच्या वृत्तालाही घटनेचेच कवच मिळाले. मुख्य अटी दोन. वृत्त सारतः खरे हवे आणि द्वेषबुद्धीने छापलेले नको. दुसरीकडे सभागृहाचे विशेषाधिकारही दुबळे नाहीत. ‘सर्चलाइट’ या पाटण्याच्या दैनिकाने कामकाजातून वगळलेला भाग छापला, तेव्हा १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचा विशेषाधिकार वरचढ धरला होता.

वकील मित्राने आमचा अंक समोर ठेवला आणि बोट फिरवले. “हा सगळा मजकूर ३६१-अ च्या छपराखाली आहे. तुमचा मथळा मात्र उघड्यावर उभा आहे.”

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदाही होता. विधिमंडळाने तो २०१७ मध्ये मंजूर केला, २०१९ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हिसकावलेला मोबाइल त्यात बसवता आला असता. वार्ताहर नको म्हणाला. “साहेब, मला त्याच गल्लीतून दुकानाला जायचंय.” प्रेस कौन्सिलकडे जाण्याचाही विचार झाला. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला दंड करता येत नाही, पण सरकारसह कोणत्याही प्राधिकरणाच्या वागणुकीवर मत नोंदवता येते. निकालाला लागणारा वेळ पाहून आम्ही तो मार्ग मागे ठेवला.

चौथा पर्याय सर्वांत साधा आणि सर्वांत कष्टाचा होता. भाऊंशिवाय भाऊंची बातमी करायची.

आधी स्वतःची दुरुस्ती

काहीही करण्याआधी ‘गैरहजर’ या शब्दाचे काय करायचे, ते ठरवावे लागले. आमच्या टेबलावर सर्वांत कडू वाद यावरच झाला. उपसंपादकाचे म्हणणे, पाचव्या पानावर चार ओळींचा ‘खुलासा’ टाकू, विषय संपला. व्यवस्थापनाचे म्हणणे, माफी मागून टाका, पुरवणी वाचेल. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आता मागे सरकलो तर ते आपल्याला कायमचे दाबतील.

मला तिन्ही पटेनात. खुलासा समोरच्याचा असतो, चूक आमची होती. चूक पहिल्या पानावर केली, तर दुरुस्ती पाचव्यावर कशी? माफीत पुरवणीचा वास होता. आणि न सरकण्यात पुरावा नव्हता, नुसता ताठा होता. शेवटी पहिल्या पानावर, त्याच जागी, ‘दुरुस्ती’ या शब्दाखाली आम्ही छापले की आमदार गैरहजर होते असा मथळा आम्ही दिला, तो चुकीचा होता, आमच्याकडे त्याचा पुरावा नव्हता, आणि आम्ही त्याबद्दल दिलगीर आहोत. त्यांच्या सहीचा उल्लेख केला. दालनातल्या बैठकीबद्दल त्यांच्या कार्यालयाचे म्हणणेही दिले. आणि पुढच्याच वाक्यात लिहिले की प्रश्न चर्चेला आला तेव्हा ते बोलले नाहीत आणि प्रसिद्धिपत्रकातला फोटो त्या दिवशीचा नव्हता, ही बातमी कायम आहे.

दुरुस्ती छापायला आम्ही नऊ दिवस घेतले. सहीचा फोटो पहिल्याच दुपारी आमच्याकडे होता. हे नऊ दिवस माझे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

मधल्या काळात अंकात काय चालले होते? भाऊंनी आम्हाला कसे अडवले, कुणी निषेध केला, कोण पाठीशी उभे राहिले. मग एका सकाळी वगळलेल्या मंडळातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाज म्हातारा, रागावलेला. “आमदार उठले का बसले, तुमाला आत घेतलं का नाही, त्याचं आमाला काय करायचंय? अग्रिम कामून पडना, ते लिवा की.” मी फोन ठेवला आणि मागचे आठ अंक पुढ्यात घेतले. आठ दिवसांत पीकविम्यावर एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अपमानाची बातमी आम्ही बंद केली.

काय काम केले

तहसील कार्यालयातल्या प्रकाराबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना एक पानाचे पत्र दिले. तारीख, वेळ, आत कोण बसले होते, कुणाला बाहेर ठेवले. विशेषणे गाळली. लेखी उत्तर आले नाही, पण पुढच्या बैठकीला वार्ताहर मागच्या खुर्चीवर बसलेला होता आणि त्याला कुणी उठवले नाही.

जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला. दहा रुपयांचा, तीन मंडळांपुरता. ३० दिवसांची मुदत उलटली तेव्हा पहिले अपील केले. त्यानंतर कागद मिळाले. तीन मंडळे वगळण्यामागे कुणाचे राजकारण नव्हते. आमच्याकडे पारावर तीच चर्चा होती आणि आम्हीही मनातून तेच धरून चाललो होतो. कारण पर्जन्यमापकात होते. पावसातला खंड सलग २१ दिवसांचा धरायचा होता. एका मंडळाच्या यंत्रात एकोणिसाव्या दिवशी एक सर नोंदली गेली आणि कागदावर खंड तुटला. यंत्र मंडळाच्या गावी होते. त्याच मंडळातल्या, चौदा किलोमीटरवरच्या वाड्यांवर त्या दिवशी थेंब पडला नव्हता. बाकीच्या दोन मंडळांबाबत विमा कंपनीने आक्षेप घेतला होता आणि प्रकरण विभागीय पातळीवर अपिलात होते.

ही बातमी तीन दिवस चालली. वार्ताहर त्या वाडीवर गेला, यंत्राच्या कुंपणापाशी जाऊन आला, कोतवालाशी बोलला. भाऊंचा फोन उचलला जात असता तर आम्ही हे केले असते का? मला प्रामाणिकपणे वाटते, नसते केले. त्यांची प्रतिक्रिया घेऊन गप्प बसलो असतो.

भाऊंना मात्र प्रत्येक बातमीच्या आधी लेखी प्रश्न जाऊ लागले. ईमेलने आणि स्पीड पोस्टने, उत्तराला दोन दिवस ठेवून. उत्तर आले नाही तर ‘संपर्क होऊ शकला नाही’ असे मोघम न छापता, कोणत्या तारखेला काय विचारले आणि उत्तर आलेले नाही, ते छापायचे. त्यांची प्रसिद्धिपत्रकेही छापत राहिलो, ‘आमदार कार्यालयाच्या पत्रकानुसार’ असे स्पष्ट लिहून. ती आता आम्हाला एक सहकारी पाठवत असे, तोच, जो फाटकातून आत गेला होता.

आणि एक तक्ता सुरू केला. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, कामकाज थेट दिसते. त्यावरून अधिवेशन संपले की कोणत्या आमदाराचे किती तारांकित प्रश्न, किती लक्षवेधी सूचना (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या), कोणत्या विषयावर, असे एक पान. पहिल्या मसुद्यात फक्त भाऊ होते. वार्ताहरानेच तो परत पाठवला. “साहेब, एकट्याचाच छापला तर तो सूड दिसेल.” ज्याची काच फुटली, कमिशन गेले, त्याने हे म्हणावे! मग जिल्ह्यातले सगळे आमदार आले, सगळ्या पक्षांचे, आमच्या दैनिकाला जाहिराती देणारेसुद्धा. तळाशी आम्ही लिहिले की प्रश्नांची संख्या म्हणजे कामाचे मोजमाप नव्हे. एखादा आमदार मतदारसंघात राबतो आणि सभागृहात कमी बोलतो, हे आम्हाला दिसत होते.

आमसभा

पंचायत समितीची आमसभा हे लोकप्रतिनिधीला समोरासमोर विचारण्याचे आपल्याकडचे हक्काचे ठिकाण. आमदार अध्यक्ष, सगळ्या खात्यांचे तालुका अधिकारी हजर, आणि समोर कोणीही नागरिक. अनेक तालुक्यांत ती वर्षानुवर्षे होतच नाही. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात झाली. वगळलेल्या मंडळातल्या ग्रामपंचायतींनी ठराव पाठवून ती मागितली होती.

मंगल कार्यालयात पत्रे तापलेले, पंखे नुसते गरगरणारे. वार्ताहर तिसऱ्या रांगेत, हातात चिठ्ठी. तो उभा राहिला तसे स्वीय सहायकांनी ध्वनिक्षेपक काढून घेतला. “पत्रकारांचे प्रश्न नंतर.” वार्ताहर म्हणाला, “मी या तालुक्याचा मतदार आहे. माझी पाच एकर सोयाबीन त्याच मंडळात आहे.” ते खरे होते. मलाही त्या दिवशीच कळले. गोंधळ वाढू लागला तेव्हा मागून एक बाई उठली. डोक्यावर पदर, हातात आमच्या अंकाची घडी. तिने ध्वनिक्षेपकाची वाट पाहिली नाही. “भाऊ, यंत्र त्या गावात, रान आमचं ह्या गावात. आमच्या रानातला पाऊस तिथून कसा मोजता? तुमी मुंबईला हे इचारलं का नाही, एवढं सांगा.”

कार्यालय गप्प झाले. भाऊंनी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाहिले, मग टेबलाकडे. आणि म्हणाले, “नाही विचारलं. यंत्राचं मला पेपरात वाचून कळलं.” पुढच्या अधिवेशनात विचारतो, असे त्यांनी सांगितले. प्रसिद्धिपत्रकातल्या जुन्या फोटोबद्दल कुणी विचारले नाही आणि ते बोललेही नाहीत. आम्ही ती सभा जशी झाली तशी छापली. मथळा होता त्यांचेच वाक्य, अवतरणचिन्हांत.

परिणाम

अपिलातल्या दोन मंडळांपैकी एकाला अग्रिम मिळाला, दुसऱ्याचा निकाल शेतकऱ्यांच्या विरोधात गेला. यंत्रात सर नोंदली गेली ते मंडळ त्या हंगामात अग्रिमाविना कोरडेच राहिले. हक्कभंगाची सूचना प्रत्यक्षात कधी दाखल झाली नाही. वार्ताहराला ग्रुपमध्ये परत घेतलेले नाही. पत्रकार परिषदेला मात्र तो जातो, त्याला कुणी अडवत नाही आणि या बसा असेही कुणी म्हणत नाही. लेखी प्रश्नांना आता कधी कधी उत्तर येते, दोन-तीन ओळींचे. वाढदिवसाची पुरवणी गेली ती गेली.

या सगळ्याची किंमत आम्ही कमी आणि वार्ताहराने जास्त मोजली. बुडालेल्या कमिशनच्या बदल्यात त्याला ठरावीक मासिक रक्कम द्यायची, हे मला चार महिन्यांनी सुचले. तोवर दुकानातले एक झेरॉक्स यंत्र त्याने विकले होते. ते विकल्याचे त्याने सांगितले नव्हते. मी दुकानात गेलो तेव्हा भिंतीपाशी फरशीवर त्याच्या चार पायांचे ठसे दिसले.

जुलै २०२४ मध्ये संसदेच्या आवारात पत्रकारांना काचेच्या कक्षापुरते मर्यादित केले, तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेत्यांनी तो विषय काढला आणि देशभर बातमी झाली. ते व्हायलाच हवे होते. तालुक्याच्या विश्रामगृहाचे फाटक बंद होते तेव्हा कोणत्याही सभागृहात कुणी उठत नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा, ऑगस्ट १९४८ मध्ये, हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांना रझाकारांनी लिहिण्याबद्दल ठार मारले. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचा अंक काढताना त्यांचे नाव आम्ही छापतो. त्या नावाशेजारी फुटलेल्या काचेची गोष्ट ठेवताना मला संकोच वाटतो. पण लिहिणाऱ्या माणसाला एकटे पाडले की बाकीचे आपोआप गप्प होतात, हे तेव्हाही खरे होते आणि त्या फाटकापाशीही मी तेच पाहिले.

आज तीच वेळ आली तर

मथळा बदलेन, हे उघड आहे. ‘प्रश्न पुकारला, आमदार बोलले नाहीत’. तीन कॉलमांत तोही बसला असता. बातमी एक दिवस थांबवीन. ती पळून जाणार नव्हती आणि रात्री पावणेदहाचा एक फोन म्हणजे बाजू विचारणे नव्हे. स्वीय सहायकाला संदेश टाकून, चित्रीकरणातली वेळ कळवून, हे आम्ही छापतो आहोत, तुमचे म्हणणे द्या, असे विचारले असते तर दालनातली बैठक त्याच बातमीत आली असती. बातमी आणखी भक्कम झाली असती.

मोबाइल हिसकावल्याचा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्यायला लावीन, गुन्हा नोंदवण्याचा आग्रह न धरता. नोंद राहिली पाहिजे. वार्ताहराच्या भीतीचा मी तेव्हा मान राखला असे मला वाटत होते. आज वाटते की अर्ज दैनिकाच्या नावाने, माझ्या सहीने द्यायला हवा होता, म्हणजे गल्लीतून जाताना ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहिले नसते.

बहिष्काराबद्दल माझे मत बदललेले नाही, पण सहकाऱ्यांकडून दुसरे काही मागता आले असते आणि ते मागायचे मला सुचले नाही. कुणीही बाहेर पडू नका, फक्त आत गेल्यावर पहिला प्रश्न एवढाच विचारा की आमचा एक माणूस बाहेर का आहे. त्याने कुणाची चूल विझली नसती.

अधिवेशनाचा तक्ता चालू आहे. पावसाळी अधिवेशनानंतरचे पान लागले त्या रात्री नऊ वाजता वार्ताहराला भाऊंच्या स्वीय सहायकाचा फोन आला. त्यांनी आधी घरची विचारपूस केली. मग म्हणाले, “साहेबांची एक लक्षवेधी तुमच्या यादीत राहिली आहे. पर्जन्यमापकाची. तेवढं बघून घ्या.” वार्ताहराने संकेतस्थळ उघडले. सूचना खरेच राहून गेली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, त्याच जागी, दुरुस्ती छापली.